भिंत वाळेपर्यंत

सावली गावात रफीक पेंटर यांच्या घराच्या मागच्या भिंतीला बांबूची एक लांबलचक शिडी आडवी टांगलेली असते. मित्रांनो, ती मीच. मला बावीस पायऱ्या आहेत. त्यातल्या तीन नंतर बदललेल्या आहेत. उजव्या पायाला तारेचे वेढे आहेत आणि दोन्ही तळांना जुन्या टायरचे तुकडे बांधले आहेत, फरशीवर घसरू नये म्हणून. अंगावर इतके रंग सांडले आहेत, की माझा मूळ रंग कोणता हे आता मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म एटापल्लीकडच्या जंगलातला. पत्रू नावाच्या कारागिराने एकाच बेटातले दोन सरळ बांबू हिवाळ्यात तोडले, तीन आठवडे नदीच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि मग मोहाच्या झाडाखाली सावकाश वाळवले. त्यात त्याने धावड्याच्या लाकडाच्या पायऱ्या ठोकल्या. तयार झाल्यावर तो स्वतः शेवटच्या पायरीपर्यंत चढला, वर उभा राहून एकदा डोलला आणि खाली उतरून म्हणाला, "जमली."

मला रफीकभाऊंनी विकत नेलं. ते दुकानं, लॉज, भातगिरण्या अशा मोठ्या इमारती रंगवायचे. हरिदास त्यांचा जोडीदार होता. रफीकभाऊ रंग कालवायचे, भिंत जोखायचे. हरिदास वर चढायचा. अंगाने हलका, पाय इतके हलके की कधी चढला हे मला कळायचंही नाही. सावली, मूल, सिंदेवाही, सगळीकडे आम्ही फिरलो. लोक भिंतीकडे बघून वाहवा करत. माझ्याकडे कुणी बघत नसे, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. भिंत चांगली दिसली की मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

मग तो मे महिना आला.

कापडाच्या एका दुमजली दुकानाचं काम होतं. मालकाला लग्नसराई संपायच्या आत इमारत झळकायला हवी होती. पश्चिमेची भिंत राहिली होती आणि दुपारचे दोन वाजले होते. आमच्याकडचा मे तुम्ही पाहिला असेल तर तुम्हाला सांगायला नको. भिंतीला हात लाववत नव्हता. ब्रश भिंतीवर फिरायच्या आधीच त्याच्या केसांवर रंग वाळत होता. हरिदास अठराव्या पायरीवर होता. त्याचे पाय मला अचानक जड लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"रफीकभाऊ," तो वरून हळूच म्हणाला, "मले भिंत हालल्यासारखी दिसून राह्यली."

"हालू नोको. दोनी हातांनी शिडी धर. मी आलो."

रफीकभाऊ चढले. त्यांनी आपला खांदा हरिदासच्या कमरेखाली लावला आणि एकेक पायरी, एकेक पाय हाताने धरून खाली ठेवत त्याला उतरवलं. दोन माणसांचं वजन माझ्यावर होतं. उजव्या पायाला कर्र आवाज झाला तेव्हा मला वाटलं, आता मी मोडणार. मी मोडले नाही. खाली पोचल्यावर हरिदासच्या अंगाला घाम नव्हता, कातडी नुसती भाजत होती, आणि तो आपल्या बायकोला, रुखमाला, हाका मारत होता. ती तिथे नव्हतीच.

चार दिवस तो दवाखान्यात होता. पाचव्या दिवशी घरी आला. पुढे जुलैत त्या पश्चिमेच्या भिंतीला तापलेली असताना लावलेला रंग पापडासारखा सुटून रस्त्यावर पडू लागला. रफीकभाऊ तो बघून आले. त्यांनी मला मागच्या भिंतीला टांगलं आणि ऑटो चालवायला घेतला.

मित्रांनो, दोन पावसाळे मी तशीच होते. वालाच्या वेलीने माझ्या पायऱ्या मोजत मोजत मला पार गुंडाळलं. एका टोकाला वाळवी लागली. माझ्यावर गोधड्या वाळत पडायच्या. रोज वाटायचं, आता चुलीत जायची पाळी येणार.

मला तिथून सोडवलं ते कमरजहाँबाईंनी. त्या रफीकभाऊंच्या पत्नी. एका सकाळी हरिदास घरी आला होता. सिंदेवाहीच्या इंदुताईंचं मंगल कार्यालय रंगवायला द्यायचं होतं, आणि त्यांनी याच दोघांना निरोप पाठवला होता. रफीकभाऊ मान हलवत होते.

"मले नाई जमत आता. तुले वर पाठवून मी खाली उभा नाई राहू शकत."

"मी मेलो का?" हरिदास म्हणाला. "मले येते ते हेच काम, भाऊ."

कमरजहाँबाई वाल तोडत होत्या. माझ्यावरून वेल बाजूला करत त्या म्हणाल्या, "वर पाठवलं यात चूक नव्हती. मे महिन्यात, दोन वाजता, उन्हाच्या बाजूले पाठवलं, हे चुकलं. ऊन कोणत्या भिंतीवर कधी येते हे तर तुमाले मालूम आहे ना? मग कागदावर लिवा."

रफीकभाऊ उठून घरातून तार घेऊन आले. मग त्यांनी येऊन माझ्या उजव्या पायाला पहिला तारेचा वेढा घातला.

एप्रिलात ते पूर्ण एक दिवस मंगल कार्यालयासमोर बसले आणि कोणत्या भिंतीवर ऊन कधी येतं, कधी जातं ते लिहून काढलं. मग इंदुताईंना सांगितलं की बाहेरचा रंग आत्ता लागणार नाही. आत्ता फक्त पहाटे साडेपाच ते दहा काम. भेगा भरायच्या, गच्चीचा कठडा दुरुस्त करायचा, पाणी मुरण्याच्या जागा बंद करायच्या. पावसाळ्यात भिंतीला हात लावायचा नाही. पाऊस गेला, भिंत वाळली, की मग रंग.

इंदुताई रोखठोक बाई होत्या. "म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यातली लग्नं जुन्याच भिंतींत लावू?"

"हो, ताई."

"दुसरे पेंटर पंधरा दिवसांत देऊन राह्यले."

"देतील. रंग जुलैत खाली येईल. आमचा एकदा आलेला आहे."

हे कबूल करताना रफीकभाऊंची मान खाली गेली होती. पण मला वाटतं, त्याच वाक्यावर इंदुताईंनी काम दिलं. एकच अट घातली: तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख एका मुलीच्या लग्नाला दिलेली होती, तोवर इमारत तयार हवी.

पाऊस मात्र जाईना. दसरा झाला तरी सरी चालूच. रफीकभाऊ रोज संध्याकाळी प्लास्टिकचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवायचे आणि सकाळी बघायचे. आतून पाण्याचे थेंब जमलेले असायचे. भिंत अजून ओली होती. दिवस हातातून चालले होते.

"लावून टाका आता," इंदुताई म्हणाल्या. "वरून तर कोरडी दिसते."

"वरूनच दिसते, ताई."

हरिदासनेही एकदा विचारलं, "भाऊ, तारीख हुकली तं?"

"तं हुकली," रफीकभाऊ म्हणाले. पण त्यांच्या हाताने माझी पायरी किती घट्ट धरली होती, हे फक्त मला ठाऊक आहे.

दिवाळीच्या तीन दिवस आधी प्लास्टिक कोरडं निघालं. रफीकभाऊंनी ते आतून बाहेरून दोनदा पुसून पाहिलं, मग हरिदासच्या हातात दिलं. दोघंही हसले नाहीत. त्यांनी लगेच प्रायमरचा डबा उघडला.

मग काम कसं झालं म्हणता? सकाळी दव वाळल्यावर, नऊनंतर, पश्चिमेची भिंत. दुपारी ऊन फिरलं की पूर्वेची. सावली जिकडे, तिकडे मी. हरिदास पाणी प्यायला दर तासाला उतरायचा, आणि नाही उतरला तर रफीकभाऊ काम थांबवायचे. इंदुताईंनी दिवाळीचा फराळ तिथेच पाठवला. शेवटचा हात लागला तेव्हा लग्नाला चार दिवस उरले होते.

लग्नाच्या आदल्या दुपारी, मांडवाच्या कनाती लागत असताना, आभाळ भरून आलं. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं म्हणे. वाऱ्यासकट पाऊस सरळ पश्चिमेच्या भिंतीवर आदळला. तासभर. मी पडवीत आडवी पडून होते. रफीकभाऊ, हरिदास, इंदुताई तिघंही दारात उभे होते. भिंतीवरून खाली येणाऱ्या पाण्याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. त्यात रंग उतरतोय का?

पाणी स्वच्छ होतं.

पाऊस उघडल्यावर हरिदास भिंतीपाशी गेला. त्याने तळहात भिंतीवर दाबून धरला, खालपर्यंत ओढला आणि मागे वळून सगळ्यांना दाखवला. हाताला फक्त पाणी लागलं होतं. इंदुताईंनी पदराने डोळे टिपले आणि "चहा ठेवते," म्हणून आत गेल्या. रफीकभाऊ पडवीत आले आणि चक्क माझ्यावर बसले. खूप वेळ बसून राहिले. इतका सैल पडलेला माणूस माझ्या अंगाने कधी अनुभवला नव्हता.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. मला वर्षातून एकदा तेल पाजा, पावसात टाकू नका, एवढंच माझ्यासाठी मागते. आणि एक मागणं वर चढणाऱ्यांसाठी. भर उन्हात एखाद्या भिंतीवर माणूस काम करताना दिसला, तर त्याला खाली बोलवा, पाणी द्या. मग भिंतीच्या मालकाला एवढंच विचारा, हे काम उद्या सकाळी नाही का होणार?