मावशी म्हणाल्या, हललं

कापड बेतायचं ते मावशींनीच, हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या शिवणखोलीचा कायदा होता. तीस वर्षं कात्री त्यांच्या हातात. शाळेच्या गणवेशाचं कापड एकावर एक बारा थर अंथरायचं, वर खडूची रेघ ओढायची, आणि त्या रेघेवरून कात्री अशी जायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आठ मशीनवाल्या आणि नववी मावशींची सून, सगळ्यांनी मावशी बेततील ते निमूट शिवायचं. सुनेला कात्रीची हौस फार, पण पाच वर्षांत मावशींनी तिला खडूपलीकडे जाऊ दिलं नव्हतं.

दोन महिन्यांपासून मात्र मावशींचं डोकं गरगरत होतं. उभ्या उभ्या खोली गरकन वळायची. सांगायची सोय नव्हती. सांगितलं की सून लगेच म्हणणार, आई, आता तुम्ही बसा. बसलं की काय होतं ते मावशींनी आपल्याच सासूच्या बाबतीत पाहिलं होतं: आधी खुर्चीत, मग खाटेवर, मग भिंतीवरच्या फोटोत. म्हणून त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. टेबलाची कड घट्ट धरायची, पाय रोवायचे, डोळे मिटून वीसपर्यंत मोजायचं. वीसच्या आत खोली ताळ्यावर यायची.

त्या सकाळी भूकंप झाला तेव्हाही त्यांनी हेच केलं. खोली फिरली, त्यांनी कड धरली. दिवे झुलले, रिळांचा डबा घरंगळत गेला, बायका ओरडत जिन्याकडे धावल्या, आणि मावशी डोळे मिटून अकरा, बारा, तेरा. सतराला डोळे उघडले तर खोलीत चिटपाखरू नाही. डोकं माझं गरगरलं, मग या कशाला पळाल्या, असा त्यांना प्रश्न पडला.

बायका धापा टाकत परत आल्या तेव्हा उलगडा झाला. काजं करणारी म्हणाली, काय ते मावशींचं काळीज, जागच्या हलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट साऱ्या गल्लीत झाली. मावशींनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. आयतं आलेलं कौतुक कोण परत पाठवतं?

पुढचे दोन दिवस जो तो आपला भूकंप सांगत सुटला. तळमजल्यावरच्या न्हाव्याचा वस्तरा नेमका गिऱ्हाइकाच्या गळ्याशी होता; त्याच्या म्हणण्याप्रमाणे जमिनीपेक्षा गिऱ्हाईकच जास्त हललं. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सला वाटलं, खाटेवरचा पेशंट आपणहून चालू लागला. रेडिओवर सांगत होते की धक्का मध्यम होता, बारीकसारीक अजून येत राहतील. झालं. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मशीनवरचे पाय थांबत. कुणी जिन्याकडे तोंड करून बसे, कुणी चपला घालूनच शिवे. मावशींची पंचाईत निराळीच होती. बाकीच्यांना कळत नव्हतं हललं की नाही. यांना कळत नव्हतं, हललं ते घर की आपण.

तिसऱ्या दिवशी बाह्या बेतताना खोली पुन्हा वळली. कड धरायला हात पोचायच्या आत कात्री रेघ सोडून आत घुसली, बाराच्या बारा थरांतून. समोर सून उभी होती, खडू हातात घेऊन. तिने कापड पाहिलं, मग सासूकडे पाहिलं. ती काही विचारणार तेवढ्यात मावशींच्या तोंडून निघून गेलं, "हललं. पळा."

मावशींनी पळा म्हटल्यावर कोण थांबतं? नऊ जणी जिन्यावर एकदम कोसळल्या. सुनेला सहावा महिना. दुसऱ्या वळणावर तिचा पाय निसटला, कठड्याला लोंबकळली म्हणून वाचली, गुडघा मात्र सोलून निघाला. मावशी भिंत धरत धरत खाली पोचल्या तेव्हा ती पायरीवर बसून पोटावर हात फिरवत होती.

रस्त्यावर दुसरं कुणीच आलं नव्हतं. न्हावी दुकानातून डोकावला, काही हललं नाही म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. पण बायका वर जायला तयार होईनात. काजं करणारीने भावाला फोन लावला, मला घ्यायला ये म्हणून. ती म्हणत होती, एवढ्या काळजाची बाई पळा म्हणते म्हणजे इमारत आता राहत नाही. दुसरीनेही फोन काढला. तिसरी पर्स आणायलाही वर जायला तयार नव्हती.

मावशींनी सगळ्यांकडे पाहिलं. ओठ आवळले, सोडले, पुन्हा आवळले.

"हललं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझं डोकं गरगरतं."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, भांडण काढल्यासारख्या आवाजात: दोन महिने, टेबलाची कड, वीसपर्यंत मोजणं. त्या दिवशीही काळीजबिळीज काही नव्हतं, मी आपली मोजत होते. आता दात काढायचे असतील तर काढा आणि वर चला.

दात कुणी काढले नाहीत. सून म्हणाली, "आत्ता मी पडले असते तर काय सांगितलं असतंत? भूकंपाने पडली?"



"हो," त्या म्हणाल्या. "तेच सांगितलं असतं."

सून उठली. गुडघ्यावर रुमाल बांधला, उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं एवढंच म्हणाली, आणि एक एक पायरी चढू लागली. तिच्यामागे बायका. काजं करणारी भावाला फोनवर सांगत होती, राहू दे, येऊ नकोस, आमचंच आपलं काहीतरी होतं.

वर सुनेने वाकडं कापलेलं कापड बाजूला काढलं, नवीन थर अंथरले, रेघ ओढली आणि कुणाला न विचारता कात्री उचलली. मावशी टेबलाच्या टोकाशी स्टुलावर बसल्या. मनगट सैल सोड, म्हणाल्या. कोपर वर. अगं, घाई कसली आहे?

"आई, थोडं मागे सरका," सून मान वर न करता म्हणाली. "उजेड अडतोय."

मावशींनी स्टूल वीतभर मागे ओढलं. तिथून रेघ दिसत नव्हती.