एका कानाचा ससा

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्याने अर्थ वाचायचा नसतो. अक्षर उचलायचं, उलटं लावायचं, पुढचं उचलायचं. लेटिसबाई कादंबऱ्या लिहीत आणि ब्लूम्सबरीतल्या आपल्या घराच्या तळघरात छापखाना चालवत. तिथे नेस्टा दोन वर्षं हेच करत आली होती. सकाळी कादंबरी, दुपारी मनाच्या डॉक्टरांचे निबंध. तिचं बाळ शेजारी कागदाच्या टोपलीत झोपलेलं, मुठीत एका कानाचा कापडी ससा.

म्हणून मंगळवारी ते वाक्य आलं तेव्हा आधी तिची बोटं थांबली, मग डोळे.

'रुग्णा हातमोज्यांच्या दुकानात कामाला आहे. स्वप्नात ती तान्ह्याला खणात ठेवते, खण लावून घेते आणि हलक्या पावलांनी कामावर जाते. बाळाच्या हातात एका कानाचा ससा असतो.'

हातमोजे तेवढे खोटे होते, बाकी सगळं तिचं. हा निबंध लिहिणाऱ्या डॉक्टर कॅलेंडरबाईंच्या कोचावर पडून, छताकडे बघत तिने ते सांगितलं होतं. नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं. डॉक्टरबाईंनी तिचं काम बदललं, पण ती नेमक्या कोणत्या छापखान्यात असते हे चार महिन्यांत विचारलंच नाही. त्यांची रीतच तशी. ऐकायचं, विचारायचं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. चहाचा कप सावरत लेटिसबाई खाली आल्या.

"आलीस का त्या खणवालीपर्यंत? काय बाई आहे गं! मी तर वाचून हादरलेच. माझ्या नवव्या प्रकरणात घातलीय तिला."

"घातलीय?"

"मग! असं घबाड कोण सोडेल? माझ्याकडे फक्त खण अडकतो. उघडतच नाही मग. अशा आईला दुसरं काय मिळणार?"

नेस्टाच्या हातातला खिळा फरशीवर पडला. बाळ दचकलं, पुन्हा निजलं.

"अगं, पांढरीफटक काय पडलीस? कुणा हातमोजेवालीचं स्वप्न ते. तुझा लोण्याचा गोळा बघ कसा झोपलाय!" हसत बाई वर गेल्या.

सशाऐवजी अस्वल लावलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिचा हात अक्षरांकडे गेलाही. पण खालची ओळ बघून तो तिथेच राहिला. ती कामावर निघाली तिथेच डॉक्टरबाईंनी स्वप्न तोडलं होतं. पुढचंही तिने सांगितलं होतं की, हुंदके देत! नेमकं तेवढंच गळलं होतं.

मूळ प्रतीत नसलेलं एक अक्षरही लावायचं नाही, हे तिला पहिल्या दिवशी लेटिसबाईंनीच शिकवलं होतं.

तिने ससा तसाच ठेवला. त्याखाली एक ओळ वाढवली.

पाच वाजता प्रूफ वर गेलं. दहाव्या मिनिटाला कागद फडकवत बाई खाली हजर.

"'अर्ध्या रस्त्यातून ती धावत परत येते, खण उघडते. बाळ तिच्याकडे बघून हसतं.' हे कुठून आणलंस? मूळ प्रतीत नाहीये हे."

"स्वप्नात आहे," नेस्टा म्हणाली.

बाईंची नजर नेस्टावरून टोपलीकडे गेली, सशाच्या एकुलत्या कानावर अडली. त्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"माझं नववं प्रकरण..."

"खण उघडा, बाई," नेस्टा म्हणाली, आणि जागं झालेल्या बाळाला उचलायला वाकली.