दोनशे चौदा पायऱ्या

मोजणीवाल्या बाईंनी शेवटच्या पायरीवर बसकण मारली, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, दोनशे चौदा! ही वाट आखली कोणी? माणसांशी वैर होतं का त्याचं?"

"मीच आखली," वनरक्षक म्हणाला.

बाई हसल्या. त्याला हसू आलं नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते.

जंगलातल्या तळ्यापर्यंत चाकाची खुर्ची, काठी टेकणारी म्हातारी माणसं, सगळ्यांना जाता आलं पाहिजे, असं खात्याने ठरवलं होतं. बाईंच्या फॉर्मात सातवा रकाना होता : कमी चढाची दुसरी वाट आहे काय? 'नाही' लिहिलं की प्रकरण बंद. सही मात्र वनरक्षकाची हवी होती, कारण जंगल त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरी वाट होती. एकोणीस वर्षांपूर्वी तर तीच एक होती, टेकडीच्या पायथ्याने जाणारी, तळहातासारखी सपाट. पण ती दलदलीतून जायची आणि दलदलीत बेडूक अंडी घालायचे. सुट्टीच्या दिवशी शेकडो पाय त्या अंड्यांवरून जात. त्याने वर तीन अर्ज केले, उत्तर एकाचंही नाही. मग त्याने 'दरड कोसळली' असा अहवाल दिला, वाटेच्या तोंडाशी काटेरी झुडपं लावली आणि पायऱ्या खोदून घेतल्या. गर्दी चौथ्या हिश्शावर आली. बेडूक राहिले, थापही राहिली.

दुपारी सहीसाठी बाई त्याच्या घरी आल्या. बायको वॉकर सरकवत बाहेर आली. तिचे दोन्ही गुडघे जाऊन तीन वर्षं झाली होती.

"काकू, तुम्ही पाहिलंय का हो तळं?"

"पाहिलंय की. लग्न झाल्या झाल्या यांनी नेलं होतं. मी नवी चप्पल घालून गेले होते."

"चप्पल घालून? त्या पायऱ्यांवरून?"

वनरक्षकाच्या हातातलं पेन थांबलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तेव्हा गुडघे शाबूत होते ना," ती म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

गुडघे गेल्यावरही ती 'एकदा तळ्यावर न्या हो' म्हणायची. गेल्या वर्षापासून म्हणेनाशी झाली होती. आज एका वाक्यात तिला त्याला उघडं पाडता आलं असतं. तिने ते वाक्य गिळलं होतं. त्याला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं.

"तेव्हा पायऱ्या नव्हत्याच," तो म्हणाला. "सकाळी लवकर या बाई. कोयता मी आणतो."

झुडपं एव्हाना डोक्यावर गेली होती. ती तोडायला दोन तास लागले. बाईंनी चढ मोजायची पट्टी जमिनीवर टेकवली तर तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला; चढ नव्हताच.

"काका, अहो, ही वाट एवढी वर्षं लपवून ठेवलीत?"

त्याने वाकून चिखलातलं एक डबकं दाखवलं. अंडी होती.

"फळ्यांची वाट करा, खांबांवर, गुडघाभर उंच. दोन्हीकडे कठडा. खाली एक पाय उतरता कामा नये."

"फळ्या होतील. कठडा मंजूर होईलच असं नाही."

"ठाऊक आहे. तरी लिहा."

बाईंनी लिहिलं. त्याने सातव्या रकान्यात 'आहे' लिहून सही केली. बाईंनी जुन्या अहवालातल्या दरडीबद्दल विचारलं तेव्हा 'दरड नव्हतीच' तेही सांगितलं. निवृत्तीआधी चौकशी लागेल, एवढंच बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "दिलीत सही?"

"दिली."

"आणि बेडकांचं?"

"कठडा सुचवलाय. झाला तर झाला."

"मला कधी नेताय मग?"

"वाट व्हायला दोन वर्षं तरी लागतील."

"म्हणजे दोन वर्षं तुमचे बेडूक निर्धास्त," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी उचलून पाय स्टुलावर ठेवला. तेलाची बाटली त्याच्या हाताशीच होती. त्याने ती उघडली.