शंभराचे दोनशे कशाला?

जनावरांच्या दवाखान्यातली नर्स बोलताना अडखळायची. चवताळलेल्या मांजराला इंजेक्शन देताना तिचा हात कधी थरथरला नाही, पण माणसांसमोर तोंड उघडलं की पहिलंच अक्षर घशात अडकून बसायचं. डॉक्टर भले गृहस्थ. तिला त्रास नको म्हणून तिची वाक्यं तेच पुरी करून टाकायचे, निम्म्या वेळा चुकीची. ती मान डोलवायची आणि कामाला लागायची.

दवाखान्यातल्या चौघांनी मिळून शेअर घ्यायचं ठरवलं होतं: डॉक्टर, नर्स, लॅबवाला आणि रिसेप्शनवरच्या मावशी. सगळेच नवखे. पैसे पंधरा वर्षं हलवायचे नाहीत, एवढंच पक्कं. डॉक्टरांच्या मनात एक कंपनी भरली होती. ती बिटकॉइन घेऊन साठवायची आणि तिचा शेअर वर्षभरात तिप्पट झाला होता.

"डोळे झाकून घेऊ या," डॉक्टर म्हणाले.

"डोळे झाकून मी भाजीसुद्धा घेत नाही," मावशी म्हणाल्या. "कुणीतरी आधी अभ्यास करा."

सगळ्यांच्या नजरा नर्सकडे वळल्या, कारण नाही म्हणायला तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

तिने कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. पहिल्यांदा सगळं डोक्यावरून गेलं. दुसऱ्यांदा थोडं उलगडलं, आणि मग ती भुकेल्यासारखी वाचत सुटली.

शनिवारी दुपारी शेवटचा कुत्रा घरी गेल्यावर चौघं तपासणीच्या टेबलाभोवती बसले.

"ही कंपनी स..."

"सोनं आहे!" डॉक्टर म्हणाले.

"स..."

"सगळ्यांत भारी?"

तिचे कान तापले. मान डोलवून मोकळं व्हावं असं क्षणभर वाटलं. पण सांगायचं होतं ते नेमकं उलटं. तिने हात वर केला.

"डॉक्टर, म... मला बोलू द्या. वेळ लागेल. थांबा."

डॉक्टर चपापून खुर्चीत मागे टेकले.

"स... सॉफ्टवेअर विकते, पण त्यात फारसं उरत नाही. खरी मालमत्ता बिटकॉइनच. एका शेअरमागे शंभराचे बिटकॉइन आहेत आणि बाजार त्याचे दोनशे मागतोय. वरचे शंभर कशाचे? नुसत्या उत्साहाचे! त्यात कंपनी कर्ज काढून आणखी बिटकॉइन घेते. भाव चढला तर चंगळ, पडला तर मारही तेवढाच मोठा."

"पण तिप्पट झालाय की!" डॉक्टरांना राहवलं नाही.

"त्याआधी भाव पडून प... पाचवा हिस्साच उरला होता. तेव्हा तुम्ही धरून ठेवला असता?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दुसऱ्याच दिवशी विकून मोकळा झालो असतो."

मावशी खो खो हसल्या.

"मग करायचं काय?" लॅबवाल्याने विचारलं.

"बिटकॉइन हवंच असेल तर सरळ तेच घेऊ, थोडंसं. निम्मं झालं तरी जेवण गोड लागेल इतकंच. ब... बाकी सगळं शेकडो कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात."

चारही हात वर गेले. पहिला डॉक्टरांचा.

ती बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर लख्ख ऊन होतं. तिने चालता चालताच धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई? तू चक्क फोन केलास? मेसेज नाही?"

"हो. आणि हातातलं क... काम बाजूला ठेव," ती भर रस्त्यात मोठ्याने म्हणाली. "सगळं पहिल्यापासून सांगणार आहे."