बिनपाण्याची बाई

तीस वर्षं मी दूध घालते आहे, आणि तीस वर्षांत माझ्या दुधात पाण्याचा एक थेंब गेलेला नाही. हे मी नाही, अख्खी गल्ली सांगायची. ‘सांगायची’ म्हणते, कारण मध्ये आमचे जावई सुट्टीला आले.

जावई माती तपासायच्या प्रयोगशाळेत असतात. गोठ्यामागचा माझा मका त्यांनी बघितला आणि मान हलवली. मका पिवळा पडला होता. आता काय कमी केलं होतं मी? शेणमुताची सगळी स्लरी टाकीतून त्यालाच देत होते. तीही दाट, भर उन्हात. वास गल्लीभर गेला की वाटायचं, खत कसं जोरदार आहे.

जावई म्हणाले, “आई, तो वास म्हणजे तुमचं नत्रच आहे. मक्याला मिळायच्या आधीच उडून जातंय.” दाट स्लरी वरच बसते, मुरत नाही. तेव्हा तिच्यात निम्मं पाणी घाला, ऊन उतरल्यावर पाइपाने मातीलगत सोडा, असं त्यांनी समजावलं.

पाणी! माझ्या गोठ्यात! दुसरं कुणी बोललं असतं तर हातातला खराटाच दाखवला असता. पण जावयाला काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. लावला नळाला पाइप आणि सोडला टाकीत.

ते नेमकं शेजारच्या मास्तरांनी बघितलं. निवृत्त माणूस, वेळच वेळ, आणि स्वतःच्या सावलीवरही संशय. संध्याकाळी, ऐन धारेच्या वेळी, माझ्या गोठ्यात पाण्याचा पाइप जातो म्हणजे काय ते त्यांना कळलंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध बंद केलं. आठवड्यात अकरा घरांनी केलं.

मी घरोघर जाऊन सांगितलं की पाणी शेणात घालते. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेणात कोण पाणी घालतं?” खरं सांगते, महिन्यापूर्वी मीही हेच विचारलं असतं.

घरी येऊन रडले. ‘बिनपाण्याची बाई’ हे अंगाला चिकटलेलं नाव, दुसरं होतं काय माझ्याकडे? लेक फोनवर म्हणाली, आई, बंद कर ते पाणी. पण तोवर मक्याला हिरवीगार काळोखी यायला लागली होती, आणि मी पडले हट्टी.

दीड महिन्यात मका माझ्या डोक्यावर गेला. कुंपणापलीकडे मास्तरांचा मका मात्र तसाच, कावीळ झाल्यासारखा. एके संध्याकाळी मास्तर स्वतः दोन कॅन घेऊन दारात उभे. माझा जीव भांड्यात पडला. हात पुसत उठले, दुधाचं माप घेतलं. तर म्हणाले, दूध नको, त्या टाकीतलं द्या.

गिळला राग. दोन्ही कॅन भरून दिले. मास्तरांनी चष्मा वर करून आत बघितलं.

“दाट वाटतंय. पाणी नीट घातलंय ना?”

“निम्मं घातलंय, मास्तर. गळ्याशपथ.”

दुधात पाणी नाही, अशा तीस वर्षांत किती शपथा घेतल्या असतील, पण दर वेळी हा माणूस दूध बोटावर घेऊन बघायचा. आज त्याने लगेच मान डोलावली, झाकणं लावली आणि कॅन उचलून चालायला लागला.

मी मागून दुधाचं विचारलं. म्हणाला, बघू.