न खेळताच उधळलेला गुलाल

अंजनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि समोर सरपंच लालासाहेब मिशीवर हात फिरवत सांगत होते, "आवं बाई, आपल्या गावची पोरगी पलीकडच्या गावाकडनं खेळती, ही काय शोभा हाय का?"

पलीकडचं गाव म्हणजे तळेवाडी. मधे एक ओढा आणि यात्रेतल्या कुस्त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वैर. अंजनाबाई अलीकडच्या बिरोबावाडीत शाळेच्या खेळाच्या बाई. त्यांनी पोरींना रग्बी शिकवायला घेतलं, तेव्हा लांबट चेंडू बघून हेच लालासाहेब "पपई घिऊन पळायचं व्हय?" म्हणत पारावर पोट धरून हसले होते. पोरी आपटल्या, खरचटल्या, पण शिकल्या. आता खेळायचं कुणाशी? अख्ख्या शिराळा तालुक्यात दुसरा संघच नव्हता. शाळेतली रग्बी सात-सातजणींची, सातजणींसमोर सातजणी असल्याशिवाय सामना होत नाही. म्हणून बाई ओढा ओलांडून गेल्या, तळेवाडीत सहा पोरी जमवल्या आणि सातवी म्हणून आपली सगळ्यात तगडी खेळाडू, रुक्सार, त्यांना दिली. आज दोन्ही गावांचा पहिला सामना होता. तो झाला तरच पुढच्या वर्षी तालुक्याची स्पर्धा भरणार होती.

"ती गेली न्हाई, मी दिलीया," बाई म्हणाल्या. "तिच्याबिगार त्यांचा संघ हुईत न्हाई."

"मग नको हुऊ दे. आपलं काय जातंय?"

लालासाहेबांनी आधीच रुक्सारच्या बापाला गाठलं होतं. चांदसाहेब टेलर मान खाली घालून आले, "बाई, मला ह्याच गावात दुकान चालवायचंय," एवढंच बोलले आणि लेकीला मैदानाबाहेर घेऊन बसले. रुक्सारनं वर बघितलंच नाही.

पंच म्हणाले, थोडा वेळ थांबू, सातवी आली तर खेळ, नाहीतर बिरोबावाडी विजयी. पण लालासाहेबांना कुठला दम निघतोय! हलगी कडाडली, गुलालाचं पोतं फुटलं, चार गडी पोरींना खांद्यावर घ्यायला धावले. अरे, काय जिंकलात रे? कुणाला हरवलंत? चेंडूला कुणी हात तरी लावला का? तिकडं तळेवाडीच्या सहा पोरी तशाच उन्हात उभ्या होत्या.

लालासाहेब एका हातात शाल-नारळ आणि दुसऱ्यात माईक घेऊन बाईंसमोर आले. बाईंनी शाल बाजूला सारली आणि त्यांच्या हातातला माईक ओढून घेतला. "सरपंच, समोर कोण तरी उभं रहावं म्हणून मी घरोघरी पाया पडले. तुमी त्यो संघ एका सकाळीत मोडला आणि वर नाचताय. लाज वाटू द्या जरा."

बिरोबावाडीची कर्णधार शिवांजली ही सरपंचांचीच लेक. तोंडावरचा गुलाल बाहीनं पुसत ती मैदान ओलांडून गेली आणि तळेवाडीच्या सहाजणींच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

"शिवे, माघारी ये," लालासाहेब गरजले.

"आबा, रुक्सारच्या बाला तुमी दम दिला," शिवांजली म्हणाली. "माझ्या बाला कोण देणार हाय?"

तिच्या जागी बिरोबावाडीची राखीव पोर आत आली. सातासमोर सात झाल्या तसं पंचांनी शिट्टी मारली, आणि पहिल्याच धावेत शिवांजलीनं आपल्या गावच्या पोरीला कमरेला मिठी घालून आडवं केलं. गाव तोंड उघडं टाकून बघत राहिलं.

अंजनाबाई रेषेवरून ओरडत होत्या, दोन्ही संघांना, घसा बसेस्तोवर. खेळ वाचला होता. पण रुक्सार अजून बापाशेजारी बसून गवत उपटत होती, आणि तिच्याकडं नजर गेली की बाईंना लालासाहेबांचं तोंड फोडावंसं वाटत होतं.