बुधवारचं माप

अक्षदाचं लग्न झालं त्या वर्षीच्या कार्तिकात, लोणीच्या ग्रामसभेत, साळुबाईनं पिशवीतून अकरा वह्या काढून वृषालीच्या लॅपटॉपशेजारी ठेवल्या. अक्षदा साळुबाईची नात, तिच्या मुलाची, भरतची मुलगी.

दर बुधवारी गावच्या विहिरीत दोरी सोडायची आणि काठापासून पाण्यापर्यंत ती किती हात भरली ते लिहायचं. साठीत अक्षरं शिकल्यापासून साळुबाईनं एकही बुधवार चुकवला नव्हता. पाणलोटाच्या कामाला आलेल्या वृषालीनं त्या नोंदींचा आलेख भिंतीवर दाखवला. पाणी वर्षागणिक खाली जात होतं. यंदा कुणी नवा ऊस लावायचा नाही, तरच उन्हाळ्यात प्यायला पुरेल, असा ठराव पुढं होता.

भरत उठला. त्याचं उसाचं बेणं बांधावर येऊन पडलं होतं.

"ही मधली पायरी बगा राव! एका आठवड्यात बत्तीस हातावरून छत्तीस. पाणी काय कुणी चोरून न्हेलं व्हतं?"

सभा हसली.

"आयेचं लिवणं चुकलंय. एक चुकलं, मंग बाकीचं कशावरून खरं?"

"ते मलाही उलगडलं नाही, काका," वृषाली म्हणाली.

साळुबाई उभी राहिली.

"लिवणं न्हाई चुकलं. हात बदलला."

तिनं कोपरापासून हात पुढं केला.

"दोरी तुझं वडील भरायचं, मी नुसतं लिवायची. त्येंच्या हाताची खूण हाय कठड्यावर, अठरा इंच. आता माझा मोज गं पोरी."

वृषालीनं टेप लावली. "सोळा."

तिनं दोन्ही हातांची मापं फुटांत केली. बत्तीस हातांचे अठ्ठेचाळीस फूट, छत्तीस हातांचेही अठ्ठेचाळीसच. आलेखातली पायरी गेली. उतार मात्र राहिला: अकरा वर्षांत नऊ फूट.

"पर हात बदलला कवा?" मागून निजामभाईंनी विचारलं.

साळुबाईनं वही उघडून भरतपुढं धरली.

"तारीख वाच."

भरतनं वाचली, मनातल्या मनात. बराच वेळ त्यानं वही सोडली नाही. मग खाली बसला आणि ठरावाच्या बाजूनं हात वर केला.

"बेण्याचं काय करतो रं मंग?" कुणीतरी डिवचलं.

"म्हशीला घालतो," तो म्हणाला.

छत्तीस हातांची ती नोंद बुधवार, १६ मार्च २०२२ ची होती. भरतचे वडील हौशीराम आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारले.